चेक फाडणारी नायिका

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या कादंबरीत पुण्यातल्या एका बिल्डरचा मुलगा आणि लालबागच्या चाळीत वाढलेली मुलगी प्रेमात पडतात. मुलाच्या आईला हे पसंत नाही. ती एके दिवशी मुलीला गाडीत बसवते, तिच्यापुढे कोरा चेक धरते आणि मुलगी तो फाडून तिच्या अंगावर फेकते. पुढे यथावकाश लग्न होतं. ज्यांना वाचायला दिलं ते सगळे म्हणाले, फिल्मी वाटतं. पैसा आणि प्रतिष्ठा प्रेमाची वाट लावतात हे आपण रोज बघतो, मग कागदावर तेच खोटं का वाटतं, असं तुमचं विचारणं आहे.

कादंबऱ्यांची हस्तलिखितं वाचणं आणि सुधारणं हेच माझं काम, आणि हा चेक माझ्या टेबलावर सारखा येत असतो. कधी तो दागिन्यांचा डबा असतो, कधी परदेशातल्या ॲडमिशनचं पत्र, कधी नायिकेच्या भावाला नोकरी. दर वेळी तो नाकारला जातो आणि नाकारताना नायिकेचं काही म्हणजे काहीही जात नाही. तिच्या घरचं त्या महिन्याचं वाणसामान कोणाच्या पगारातून येतं, वडिलांची औषधं कोण आणतं, धाकट्या भावाची फी थकली आहे का, यातलं काहीच लेखकाने सांगितलेलं नसतं. मग तो नकार फुकटात पडतो. फुकटच्या नकारावर टाळ्या मिळतात, पण वाचक मनातून हलत नाही.

माझं मत असं आहे की श्रीमंती प्रेम नासवते ती लोभी माणसांच्या हातून फार कमी वेळा. ‘नाही’ म्हणणं कोणाला परवडतं आणि कोणाला परवडत नाही हे पैसा आणि घराणं आधीच ठरवून बसलेले असतात. पात्रं भेटण्याआधी, नजरानजर होण्याआधी. ज्या लेखकांना हे कळलं त्यांच्या गोष्टी शंभर-दोनशे वर्षं टिकल्या आहेत. त्यांनी नकाराची किंमत मांडून ठेवली आणि मग पात्रांना मोकळं सोडलं.

जेन ऑस्टेनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ १८१३ साली आली. आपल्याकडे ती गोड प्रेमकथा म्हणून वाचली जाते, कॉलेजात तशीच शिकवली जाते. मला ती हिशेबाची वही वाटते. बेनेट कुटुंबाची जमीन वर्षाला दोन हजार पौंड देते, पण ती फक्त पुरुष वारसाकडे जाऊ शकते. घरात पाच मुली. वडील गेले की घरदार कॉलिन्स नावाच्या दूरच्या नातलगाचं. नायक डार्सीचं उत्पन्न वर्षाला दहा हजार. हे आकडे पहिल्या काही प्रकरणांतच गावभर झालेले असतात. नाचाच्या हॉलमध्ये डार्सीचा चेहरा लोकांनी धड पाहिलेलाही नसतो, उत्पन्न मात्र तोंडपाठ. स्थळाची चौकशी आपल्याकडे याहून वेगळी कुठे होते?

आता हा कॉलिन्स नायिकेला, बेनेटांच्या एलिझाबेथला, मागणी घालतो तो प्रसंग नीट बघा, कारण तुमच्या चेकच्या प्रसंगाला खरं उत्तर तिथे आहे. मागणी घालताना तो तिला ऐकवतो की तुझ्या वाट्याला येणार ते हजार पौंड, तेही चार टक्क्यांच्या रोख्यांत, आणि तेही तुझी आई गेल्यावर. पण मी त्याबद्दल कधी वावगा शब्द काढणार नाही. म्हणजे वर्षाला चाळीस पौंड व्याज. आपण औदार्य दाखवतोय असंच त्याला वाटतं! एलिझाबेथ नाही म्हणते. आपण टाळ्या वाजवतो, पण ऑस्टेनने त्या टाळ्यांची किंमत आधीच लिहून ठेवलेली आहे. ती नाही म्हणते तेव्हा आईचं आणि चार बहिणींचं म्हातारपणापर्यंतचं छप्पर ती हातचं घालवते आहे. तिची आई आकांडतांडव करते. मिसेस बेनेट हास्यास्पद आहे यात वाद नाही, पण अख्ख्या घरात हिशेब बरोबर आहे तो तिचा एकटीचा. मिस्टर बेनेट मोठे विनोदी, पुस्तकांत रमणारे, वाचकांचे लाडके. मुलींसाठी शिल्लक मात्र त्यांनी काही टाकलेली नाही.

आणि लगेच तीन दिवसांच्या आत तोच कॉलिन्स शार्लटला मागणी घालतो. शार्लट एलिझाबेथची मैत्रीण, सत्तावीस वर्षांची, रूप बेताचं, पैसा नाही. ती हो म्हणते. तिला कॉलिन्स कसा आहे ते स्वच्छ दिसतं. ती म्हणते, मला प्रणयाचं वेड कधीच नव्हतं, स्वतःचं सुखवस्तू घर हवंय. एकच माणूस, एकच प्रस्ताव, एकीला नकार परवडला आणि दुसरीला नाही. दोघींपैकी कोणीही लोभी नाही. ऑस्टेन शार्लटला खलनायिका करत नाही, बिचारीही करत नाही. लग्नानंतर शार्लट घराची मांडणी अशी करते की नवरा दिवसाचा बराचसा वेळ स्वतःच्या खोलीत रस्त्याकडे बघत बसेल. पैशाने वाकवलेलं लग्न दाखवायचं तर असं: मारहाण नाही, अश्रू नाहीत, फक्त कुठली बैठकीची खोली कोणी वापरायची याचा एक शांत बंदोबस्त.

अजून एक जागा आहे, तिच्यावर मी दर वेळी थांबते. डार्सी तुला कधीपासून आवडायला लागला, असं बहीण विचारते तेव्हा एलिझाबेथ म्हणते, त्याच्या पेम्बर्लीच्या इस्टेटीची सुंदर बाग पहिल्यांदा पाहिली तेव्हापासून. थट्टाच आहे ती. पण इस्टेट पाहताना ‘आपण या घराची मालकीण झालो असतो’ हा विचार तिच्या मनात खरोखर येऊन गेलेला असतो आणि तो आपण वाचलेला असतो. प्रेम खोटं नाही, पण त्यात बागेचा वाटा किती हे तिलाही सांगता येणार नाही. पैसा असा भावनेच्या आत शिरून बसतो. तुमच्या नायिकेच्या मनात असा एकही क्षण नाही. बिल्डरच्या बंगल्यात पहिल्यांदा पाऊल टाकताना तिला फक्त संकोच वाटतो. संकोच ठीक आहे, पण स्वयंपाकघरातला तो मोठा ओटा पाहून आपल्या आईचा एक हात रुंदीचा ओटा तिला आठवतच नाही का? हे असं आपलंही असावं, असं निमिषभर तरी वाटत नाही का? वाटू द्या. आणि मग तिला स्वतःची लाज वाटू द्या.

मराठीत याच मुळाशी जाणारं नाटक १८९९ सालीच आलं. गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’. भुजंगनाथ हा पैसेवाला म्हातारा, त्याला पुन्हा बोहल्यावर चढायचंय. भद्रेश्वर दीक्षित मधला दलाल. कांचनभट पैशासाठी पोटची मुलगी द्यायला तयार. ‘पाऊणशे वयमान’ हे शब्द आपण आजही थट्टेत वापरतो ते या नाटकामुळेच. शारदेला नकाराचा हक्कच नाही, तेव्हा किंमत विचारायचा प्रश्न येत नाही. आई इंदिराकाकू मुलीच्या बाजूने आहे, पण घरात तिच्या शब्दाला वजन नाही.

लोक या नाटकाबद्दल बोलतात ते जरठ-कुमारी विवाहाच्या अंगाने, आणि ते बरोबरच आहे. मला त्यात वेगळंच दिसतं. ते लग्न मोडतं कशाने? वयाने नाही. मुलगी रडते म्हणूनही नाही. पैसे घेऊन मुलगी विकणं पाप आहे, या विचारानेही नाही. वधूवर सगोत्र निघतात म्हणून मोडतं! समाजावर इतका चिडलेला नाटककार, पण पैशाला अडवायला त्याला दुसरं काही सापडलं नाही. पैशाच्या वरचढ त्या समाजात एकच गोष्ट होती, गोत्र. यात देवलांचा कच्चेपणा बघणारे बघोत, मला त्यांचा प्रामाणिकपणा दिसतो. मुलीच्या अश्रूंनी भुजंगनाथाचं मन पालटलं असं त्यांनी दाखवलं असतं, तर ते नाटक केव्हाच विसरलं गेलं असतं. तुमच्या शेवटच्या प्रकरणात मुलाच्या आईचं मन असंच एका हॉस्पिटलच्या प्रसंगात पालटतं. ते काढून टाका.

कांचनभटाचीच दुसरी बाजू शरच्चंद्रांच्या ‘देवदास’मध्ये आहे, आणि सिनेमांनी ती इतकी झाकून टाकली की मूळ कादंबरी वाचणाऱ्याला धक्काच बसतो. पुस्तक १९१७ सालचं. देवदास जमीनदाराचा मुलगा, पारो शेजारची. देवदासच्या घरचे नाही म्हणतात त्यात एक कारण असं की पारोचं घराणं मुलीच्या लग्नात पैसे घेणाऱ्यांचं, म्हणजे कमी प्रतीचं. शिवाय माहेर इतकं जवळ असलेली सून नको. पारो रात्री एकटी देवदासच्या खोलीत जाते, आपली सगळी अब्रू पणाला लावून. देवदास कचरतो, कलकत्त्याला निघून जातो आणि तिथून नकाराचं पत्र पाठवतो. त्याला नकार परवडतो, कारण त्याची अब्रू कुठेच गहाण पडलेली नाही. पुढे पस्तावून तो परत येतो आणि घाटावर तिला भेटतो, तेव्हा ती नाही म्हणते. का म्हणू शकते? तोपर्यंत तिचं लग्न एका बड्या जमीनदार बिजवराशी ठरलेलं असतं. तुला आईवडील आहेत तसे मलाही आहेत, हे ती ताठ मानेने सुनावते, कारण आता तिच्याही पाठीशी एक मोठं घर उभं राहिलंय. देवदास हातातल्या गळाच्या काठीने तिच्या कपाळावर मारतो. सगळे त्या व्रणाबद्दल बोलतात. त्या नकारामागे मोठं घर किती आणि स्वाभिमान किती, याबद्दल कोणी बोलत नाही. ज्या श्रीमंतीने तिला बोलायचं बळ दिलं, तीच तिला वयाने बापासारख्या नवऱ्याच्या घरात, बरोबरीच्या सावत्र मुलांमध्ये नेऊन बसवते.

अमेरिकन उदाहरण हवं असेल तर फिट्झजेराल्डची १९२५ ची ‘द ग्रेट गॅट्सबी’ आहेच. त्यातलं एकच सांगते. लग्नाच्या आदल्या रात्री नायिका डेझी हातात जुन्या प्रियकराचं पत्र घेऊन दारू पिऊन पडलेली असते. होणाऱ्या नवऱ्याने दिलेला साडेतीन लाख डॉलरचा मोत्यांचा सर ती कचऱ्याच्या टोपलीत टाकते, परत करा म्हणते. बायका तिला थंड पाण्यात बसवतात, पत्राचा लगदा होतो, अर्ध्या तासाने तोच सर गळ्यात घालून ती खोलीबाहेर पडते. दुसऱ्या दिवशी लग्न. तुमचा फाटलेला चेक आणि हा टोपलीतून परत गळ्यात आलेला सर शेजारी ठेवून बघा. लेखकाने हे हवेतून आणलेलं नव्हतं. त्याच्या तुटपुंज्या कमाईमुळे झेल्डा सेयरने १९१९ मध्ये साखरपुडा मोडला होता; १९२० च्या मार्चअखेर त्याची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दोघांचं लग्न झालं.

आता घरच्या गोष्टीकडे येते. तुमच्या नायिकेला नोकरी आहे, ती घरात पैसे देते, असं तुम्ही एका ओळीत उरकलंत. ती ओळ म्हणजे अख्खी कादंबरी आहे. १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या नावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला आणि पांढरपेशा घरांतून गदारोळ उठला. ही लेखिका कोण, यावरूनच लोक हैराण झाले होते. मालतीबाई बेडेकरांचं नाव पुढे आलं ते नंतर. त्या कथांतल्या मुली शिकलेल्या, काही कमावत्या. मुलगी कमवायला लागली की घर तिच्या पगारावर चालायला लागतं, आणि मग तिचं लग्न कोणालाच परवडत नाही. कोणी विरोध करत नाही. स्थळं बघायची राहून जातात, एवढंच. बाप दुष्ट नाही, आई प्रेमळ आहे, आणि मुलगी तिशीकडे झुकते. तुमच्या कादंबरीत चाळीतले वडील किती आनंदाने लग्नाला होकार देतात! मुलीचा पगार बंद झाल्यावर ते काय खाणार आहेत?

जातीबद्दलही बोलायला हवं. तुम्ही दोघांची आडनावं इतकी जपून निवडलीत की जात कळूच नये. मराठीत श्रीमंत-गरीब असं नुसतं लिहिता येत नाही हो. ‘तोलामोलाचं स्थळ’ म्हणताना आपण एकाच वेळी बँकेतली शिल्लक, आडनाव, गाव, आजोळ, सगळं तोलत असतो. ‘सैराट’ने २०१६ मध्ये करमाळ्याच्या परिसरातली पाटलाची मुलगी आणि खालच्या जातीतला मुलगा दाखवला, तेव्हा पहिला अर्धा भाग सगळ्यांना गाण्यांमुळे आठवतो. माझ्या कामाचा आहे तो हैदराबादचा भाग. बुलेट चालवणारी, हुकूम सोडणारी आर्ची झोपडपट्टीत राहते, बाटल्या भरण्याच्या कारखान्यात कामाला जाते. तिथली घाण, तिथलं जेवण तिला सहन होत नाही. संशयावरून दोघांत भांडण होतं, ती घराकडे निघते आणि परत फिरते. घराणं मागे टाकून पळून आलेल्यांच्या सवयी मात्र त्यांच्याबरोबर आलेल्या असतात. मुलगा प्रेमळ आहे, मुलगी शूर आहे, तरी रोजचा दिवस कठीण जातो. तुमची गोष्ट लग्नाच्या फोटोवर संपते, म्हणजे जिथे पैसा कामाला लागतो त्या दारातच.

तेंडुलकरांचं ‘कन्यादान’ (१९८३) हे नाटक वाचलं नसेल तर वाचा. त्यातल्या दलित नायकाच्या चित्रणावर आक्षेप घेतले गेले, आणि ते आक्षेप समजून घेऊनच ते वाचायला हवं. पण एक गोष्ट त्यात विलक्षण आहे. समाजवादी बापाची प्रतिष्ठा मुलीने त्या नायकाशी केलेल्या लग्नात अडकली आहे. जात मोडण्याच्या तत्त्वाचीही इभ्रत असते, आणि मुलगी नवऱ्याची मारहाण सोसत राहते त्यात त्या इभ्रतीचा मोठा वाटा आहे. प्रतिष्ठा म्हटलं की बंगला आणि गाडीच डोळ्यांपुढे आणू नका.

तुमच्या हस्तलिखितात एक प्रसंग उत्तम होऊ शकतो आणि तो तुम्ही गाळलात: याद्यांची बैठक. लग्न ठरलं म्हणता, मग याद्या झाल्याच असणार. १९६१ च्या कायद्याने हुंड्याला बंदी आली तेव्हापासून तो शब्द बैठकीत कोणी काढत नाही. ‘आम्हाला काही नको, तुमच्या हौसेने काय करायचं ते करा,’ असं म्हणतात. ही हौस फार महाग असते. मुलाचे काका चष्मा लावून वहीत लिहितायत: हॉल कोणाकडे, वऱ्हाडाच्या बस किती, मानाच्या साड्या किती, विहीणबाईंना पैठणीच का. ‘आमचे लोक जरा जास्त आहेत,’ हे वाक्य कोणीतरी हसत हसत टाकतं. मुलीचे वडील प्रत्येक ओळीला ‘हो हो, होऊन जाईल’ म्हणतात. मुलगी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी आहे आणि तिला आकडे ऐकू येतायत. आणि तुमचा नायक, जो मरीन ड्राइव्हवर तिच्यासाठी जग सोडायला निघाला होता, तो सोफ्यावर बसून मोबाइल बघतोय. त्याला काही वाईट वाटत नाहीये. त्याला हे दिसतच नाहीये. त्याच्या घरी अशा रकमांवर कधी कोणाचा आवाज खाली येत नाही. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने मान वर करून गोड हसून परत फोनमध्ये घातली, एवढं लिहिलंत तरी आईच्या चेकपेक्षा शंभरपट काम होईल. यात दुष्ट कोणीच नाही.

आता दुरुस्ती. चेक काढून टाका, आईला खलनायिकेच्या कामातून सुट्टी द्या. मुलाचे वडील बिल्डर आहेत हे सध्या फक्त बंगल्याची सोय म्हणून आलंय. त्यांच्या कंपनीने मुलीच्याच चाळीचा पुनर्विकास घ्यायला निघावं, पुण्याचा बिल्डर लालबागमध्ये काम घेऊ शकतो. संमतीपत्रांवर सह्या गोळा होतायत. ट्रान्झिटचं, म्हणजे बांधकाम होईपर्यंतच्या तात्पुरत्या घराचं, भाडं किती, नव्या घराचा कार्पेट एरिया किती, कॉर्पस म्हणजे पुढच्या देखभालीसाठीची ठेव किती, यावर जिन्यात रोज वाद. आणि चाळीला कळतं की आपल्या अमुकची मुलगी आणि बिल्डरचा मुलगा. त्या दिवसापासून तिचं प्रेम तिचं एकटीचं उरत नाही. शेजारच्या काकू डबा भरून आणायला लागतात. ‘जावईबापूंना सांग ना, पन्नास फूट वाढवून द्या.’ जो म्हातारा भाडेकरू सही करत नाहीये तो तिच्या वडिलांचा जुना गिरणीतला सोबती, १९८२ च्या संपात दोघे एकत्र बसलेले. आता तो त्यांच्याशी बोलत नाही. मुलगा म्हणतो, धंद्यात मी लक्ष घालत नाही. तो खरंच घालत नाही. पण तिचं त्याच्याशी जरा वाजलं की सगळी चाळ दारात येऊन तिची समजूत काढते. अशा वेळी तिने ‘नाही’ म्हणायचं म्हटलं तर ते किती घरांना महाग पडेल? आणि ‘हो’ म्हणाली, तर ते तिचं तिला तरी खरं वाटेल का?

वडील संमतीपत्रावर सही कधी करतात, लग्न ठरण्याआधी की नंतर, हे आधी पक्कं करा. दोन्ही प्रकारे दोन वेगळ्या कादंबऱ्या होतात. मग पहिली तीस पानं पुन्हा लिहून काढा. शेवट आत्ता ठरवू नका, लग्न होईल की नाही ते त्या तीस पानांवरून आपण बघू.